वाचकांचे प्रश्न : परदेशातील मत्स्यालय पाहताना

उन्हाळी सुट्टीच्या प्रवासाची आखणी करणाऱ्या वाचकांकडून अलीकडे जी पत्रे आली, त्यांत परदेशातील मोठ्या मत्स्यालयांविषयीचे प्रश्न बरेच होते. नागपूरला समुद्र नाही. इथल्या पुष्कळ मुलांनी जिवंत सागरी मासा कधी पाहिलेला नसतो, आणि दुबई, सिंगापूर किंवा जपानची सहल ठरली की तो पहिल्यांदा तिथेच दिसणार असतो. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. सगळ्या उत्तरांमागचे माझे आग्रहाचे सांगणे आधीच सांगून टाकतो. मत्स्यालय हे दोन खरेद्यांच्या मधल्या तासाभरात उरकण्याचे ठिकाण नाही. एका सहलीत एकच मत्स्यालय निवडा, त्याला अर्धा दिवस द्या, आणि तिथल्या एखाद्या मोठ्या टाकीसमोर मुलांना कंटाळा येऊन तो ओसरेपर्यंत बसू द्या.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी आणि आठ व बारा वर्षांची दोन मुले असे चौघे पुढील सुट्टीत परदेशी जाणार आहोत. दुबई, सिंगापूर आणि जपान असे तीन पर्याय समोर आहेत. मुलांना मोठे मत्स्यालय पाहायचे आहे. सहल कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यासाठी एक तास ठेवला आहे. कोणते निवडावे आणि एक तास पुरेल का? — एक बँक कर्मचारी, प्रतापनगर

उत्तर : एक तास पुरणार नाही. गटाबरोबर जाणार असाल तर त्या दिवशीच्या दुपारच्या कार्यक्रमातून तुमचे चौघांचे नाव काढून घ्या आणि परतीची व्यवस्था स्वतः करा. बहुतेक सहल व्यवस्थापक आधी सांगितले तर याला हरकत घेत नाहीत.

आता निवडीविषयी. दुबईचे मत्स्यालय २००८ साली दुबई मॉलमध्ये सुरू झाले. त्याची मुख्य टाकी सुमारे एक कोटी लिटरची असून तिचे समोरचे तावदान ३२.८८ मीटर रुंद, ८.३ मीटर उंच आणि ७५ सेंटिमीटर जाड आहे. ही टाकी मॉलच्या मोकळ्या जागेतून, तिकीट न काढताही दिसते, हे पुष्कळांना तिथे पोहोचेपर्यंत ठाऊक नसते. तिकीट लागते ते टाकीच्या पोटातून जाणाऱ्या ४८ मीटरच्या बोगद्यासाठी आणि वरच्या मजल्यावरील दालनांसाठी. दुबईला जाणे आधीच ठरले असेल तर ते अवश्य पाहा. परंतु केवळ मत्स्यालयासाठी देश निवडायचा असेल तर मी दुबईला पहिली पसंती देणार नाही, कारण मॉलचा गलबला, दिवे आणि घाई तावदानापर्यंत येऊन पोहोचते आणि मुलांचे चित्त टिकत नाही.

सिंगापूरच्या सेंटोसा बेटावर २०१२ पासून जे मत्स्यालय होते, ते विस्तारून जुलै २०२५ मध्ये सिंगापूर ओशनेरियम या नव्या नावाने उघडले. आधीच्या मानाने ते सुमारे तिप्पट मोठे झाले आहे. तिथल्या खुल्या समुद्राच्या दालनातील तावदान ३६ मीटर रुंद आहे आणि त्यासमोर जमिनीवर बसून राहण्याची मुभा असते. लहान मुलांसह पहिलाच परदेश प्रवास असेल, भाषेची अडचण नको असेल आणि भारतीय जेवण सहज मिळावे असे वाटत असेल, तर सिंगापूर सोयीचे आहे.

माझी स्वतःची पसंती मात्र जपानमधील ओसाकाच्या काइयुकान मत्स्यालयाला आहे, आणि तिचे कारण टाकीच्या आकारमानात नसून इमारतीच्या रचनेत आहे. १९९० साली उघडलेल्या या मत्स्यालयात पाहुण्यांना सरकत्या जिन्याने थेट आठव्या मजल्यावर नेतात. तिथे जपानच्या डोंगरातले जंगल आणि ओढा आहे. त्यानंतर उतरती वाट सुरू होते आणि ती मधल्या प्रशांत महासागराच्या टाकीभोवती फेऱ्या घेत खाली जाते. ही टाकी ९ मीटर खोल असून तिच्यात ५,४०० टन पाणी आहे. वरच्या मजल्यावर ज्या व्हेल शार्कची पाठ दिसली, त्याचेच पोट दोन मजले उतरल्यावर डोक्यावरून जाताना दिसते. एकच पाणी पृष्ठभागाजवळ, मध्यावर आणि तळाशी कसे वेगवेगळे असते, कोणता मासा कोणत्या थरात राहतो, हे मुलांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. ओसाकाको या मेट्रो स्थानकापासून ते पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तिकीट दिवस आणि वेळ ठरवून आधीच घ्यावे. शनिवार-रविवार आणि जपानी सुट्ट्या टाळाव्यात. सकाळी शाळांच्या सहली येतात, त्यामुळे दुपारी तीननंतरची वेळ मला अधिक बरी वाटते.

जपानमध्येच ओकिनावा बेटावर चुराउमी हे त्याहून भव्य मत्स्यालय आहे. परंतु ते नाहा शहरापासून रस्त्याने दोन तासांवर, बेटाच्या उत्तरेकडे आहे, आणि ओकिनावासाठी वेगळा विमानप्रवास करावा लागतो. टोकियो-क्योटो-ओसाका अशा आठवड्याभराच्या सहलीत ते कोंबू नका.

प्रश्न : मी सातवीत शिकते. माझे काका दुबईला जाऊन आले. त्यांनी आणलेला व्हिडिओ पाहून मला काही प्रश्न पडले. एवढ्या पाण्याने ती काच फुटत कशी नाही? शार्क टाकीतल्या बाकीच्या माशांना खात का नाहीत? आणि माशांना आपण दिसतो का? — एक विद्यार्थिनी, महाल

उत्तर : तुझे तिन्ही प्रश्न फार चांगले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

ती काच नसते. ते अॅक्रिलिक नावाचे पारदर्शक प्लॅस्टिक असते. साधी काच जाड केली की हिरवट दिसू लागते आणि तिच्यातून पलीकडचे स्पष्ट दिसत नाही. अॅक्रिलिक अर्ध्या मीटरहून जाड केले तरी स्वच्छ राहते. चुराउमीचे मोठे तावदान ८.२ मीटर उंच, २२.५ मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर जाड आहे. निप्पुरा या जपानी कंपनीने ते अॅक्रिलिकचे थर एकमेकांना चिकटवून तयार केले, आणि तरीही त्यात जोड दिसत नाहीत.

आता दाबाचा हिशेब कर. पाण्याचा दाब पाणी किती लिटर आहे यावर ठरत नाही. तो पाण्याच्या खोलीवर ठरतो. दहा मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरला सुमारे दहा टन इतका दाब असतो, पृष्ठभागापाशी तो शून्य असतो आणि मध्ये क्रमाने वाढत जातो. चुराउमीच्या तावदानाचे क्षेत्रफळ साधारण १८५ चौरस मीटर येते. पाण्याची पातळी तावदानाच्या वरच्या कडेपर्यंतच आहे असे धरले, तरी त्यावर एकूण साडेसातशे टनांहून अधिक रेटा पडतो. खालच्या भागावर तो सर्वाधिक असतो. अभियंते याच हिशेबाने जाडी ठरवतात आणि वर सुरक्षिततेसाठी भरपूर वाढ धरतात. तरीही माणसाने केलेली वस्तू कधी दगा देऊ शकते. बर्लिनमधील एका हॉटेलात उभी असलेली, दहा लाख लिटरची गोल टाकी १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे फुटली आणि तिच्यातील सुमारे १,५०० माशांपैकी बहुतेक मेले. पहाटेची वेळ असल्याने माणसांची प्राणहानी टळली.

तावदानातून पाहताना मासा खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांशच लांब आहे असे वाटते आणि म्हणून तो मोठा दिसतो. पाण्यातून हवेत येताना प्रकाशाचे वक्रीभवन होते, हे त्याचे कारण. बादलीच्या तळाशी टाकलेले नाणे वर उचलल्यासारखे दिसते तेही याच कारणाने, ते घरी करून पाहा.

शार्क खातात, पण क्वचित. त्यांना ठरलेल्या वेळी पोटभर अन्न दिले जाते आणि भुकेला नसलेला शिकारी प्राणी सहसा शक्ती वाया घालवत नाही. तरी २०१६ साली दक्षिण कोरियातील सोल शहरात एका वाळूशार्क मादीने त्याच टाकीतील दुसऱ्या, लहान जातीच्या शार्कला धरले आणि ते सगळे गिळायला तिला जवळजवळ एक दिवस लागला. तेव्हा त्यांच्यात भांडण जागेवरून झाले असावे, असे तिथल्या लोकांचे मत होते. वाळूशार्क ओळखायला सोपा आहे. त्याचे दात तोंड मिटलेले असतानाही बाहेर आलेले दिसतात. दिसायला भयंकर असला तरी त्याचा स्वभाव संथ असतो. तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो, ती पोटात साठवतो आणि त्या आधाराने पाण्यात अधांतरी, जवळजवळ न हलता राहतो. मत्स्यालयात गेलीस तर त्याच्याकडे थोडा वेळ लक्ष ठेव.

माशांना आपण दिसतो, निदान काहींना नक्कीच. जपानमधील शिमोनोसेकी येथील मत्स्यालय डिसेंबर २०२४ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाले, तेव्हा तिथल्या सूर्यमाशाने खाणे सोडले आणि तो टाकीला अंग घासू लागला. पाहुणे येईनासे झाल्यामुळे असे होत असावे असे एका कर्मचाऱ्याला सुचले. त्यांनी टाकीसमोर माणसांच्या चेहऱ्यांची चित्रे आणि गणवेश टांगून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशीच त्याची प्रकृती सुधारली. यावरून त्या माशाच्या मनात काय होते हे ठामपणे सांगता येणार नाही, परंतु समोरचा बदल त्याला जाणवला होता, एवढे खरे.

प्रश्न : मत्स्यालयात मोबाईलवर काढलेले फोटो नेहमी धूसर आणि निळे येतात. उपाय सांगावा. — एक महाविद्यालयीन तरुण, सक्करदरा

उत्तर : फ्लॅश बंद करा; तो तावदानावरून परतून तुमच्याच फोटोवर पडतो आणि माशांनाही त्रास देतो. मोबाईल तावदानाला जवळजवळ टेकवून आणि सरळ धरा. तिरका धरल्यास जाड अॅक्रिलिकमुळे प्रतिमा विस्कटते. गडद रंगाचा शर्ट घालून गेलात तर प्रतिबिंब कमी पडते. हालणाऱ्या माशाचा पाठलाग करण्यापेक्षा एक चौकट धरून थांबावे आणि मासा त्या चौकटीत येऊ द्यावा. चार-सहा चांगले फोटो मिळाले की मोबाईल खिशात ठेवा, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : आमच्या घरी वाद झाला. मुलांना मत्स्यालयात नेणे म्हणजे महासागरात फिरणाऱ्या जिवांना कोंडून ठेवण्याच्या धंद्याला हातभार लावणे आहे, असे माझ्या मुलीचे म्हणणे आहे. मी चाळीस वर्षे जीवशास्त्र शिकवले आणि मला तिचे म्हणणे सरसकट मान्य होत नाही, पण ते खोडूनही काढता येत नाही. आपले मत काय? — एक निवृत्त शिक्षिका, धरमपेठ

उत्तर : तुमच्या कन्येचे म्हणणे गंभीरपणे घेण्यासारखे आहे. त्याचे एकच उत्तर देता येणार नाही, कारण मत्स्यालयातील सगळे जीव एका मापाने मोजता येत नाहीत.

डॉल्फिन आणि बेलुगा (पांढरा देवमासा) यांच्याबाबत मी तिच्या बाजूचा आहे. हे सस्तन प्राणी कुटुंबाने राहतात, आवाजाच्या आधारे दिशा ओळखतात आणि दिवसभरात दूरवर फिरतात. तलावात त्यांच्यासाठी यातले फारसे काही उरत नाही. भारताने २०१३ मध्येच डॉल्फिनच्या खेळांची केंद्रे उभारण्यास परवानगी नाकारली, आणि हा आपल्या देशाने घेतलेला एक चांगला निर्णय आहे असे मी मानतो. जपानमध्ये ताइजी गावच्या किनाऱ्यावर डॉल्फिन हाकून, कोंडून पकडले जातात. त्यावरून २०१५ साली जागतिक प्राणिसंग्रहालय संघटनेने जपानी संघटनेचे सदस्यत्व स्थगित केले, तेव्हा कुठे जपानी संघटनेने आपल्या सदस्यांना तिथून डॉल्फिन घेण्यास मनाई केली. मी ज्या काइयुकानची वर शिफारस केली, तिथेही डॉल्फिन आहेत, हे मला लपवायचे नाही. डॉल्फिनबरोबर पोहणे, त्याची पापी घेतानाचा फोटो, असले तिकीट कोणत्याही देशात काढू नये, एवढे मी निःशंकपणे सांगतो.

व्हेल शार्कचा प्रश्न अधिक अवघड आहे. हा जगातला सर्वांत मोठा मासा. बारा मीटरपर्यंत आणि कधी त्याहूनही वाढणारा, पण खातो ते अगदी सूक्ष्म जीव आणि बारीक मासळी. अमेरिकेतील अटलांटा येथील जॉर्जिया मत्स्यालयाने तैवानमधून व्हेल शार्क विमानाने आणले. त्या वेळी तैवानमध्ये ते खाण्यासाठी पकडले जात आणि त्याच ठरलेल्या मासेमारीतून हे मासे घेतले गेले, असा मत्स्यालयाचा युक्तिवाद होता. त्यांपैकी दोन २००७ साली मेले. दुसरीकडे चुराउमीत १९९५ पासून ठेवलेला एक नर व्हेल शार्क दशकांमागून दशके जगला आणि त्याच्या निरीक्षणातून या जातीच्या नराच्या वाढीविषयी जी माहिती मिळाली, ती समुद्रात मिळणे कठीण होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी खोटी ठरत नाही.

पांढऱ्या शार्कचा अनुभव मला जास्त बोलका वाटतो. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बे मत्स्यालयाने २००४ साली पांढऱ्या शार्कची एक लहान मादी ठेवली. तोवर हा मासा बंदिवासात काही दिवसांतच मरत असे. ही मादी १९८ दिवस राहिली, खात राहिली, वाढली. मग तिने टाकीतील दुसऱ्या शार्कवर हल्ले केले, तेव्हा तिला अंगावर नोंदयंत्र लावून समुद्रात सोडून देण्यात आले. पुढे आणखी काही लहान शार्क अशाच प्रकारे ठेवून सोडल्यावर त्या संस्थेने हा प्रयोग थांबवला. पाहुण्यांची गर्दी खेचणारा प्राणी हाताशी असताना तो सोडून देणे, आणि काही काळाने प्रयत्नही थांबवणे, यात मला त्या संस्थेची नीती दिसते. तिथेच अनाथ सागरी पाणमांजराची पिल्ले, समुद्रात परत जाऊ न शकणाऱ्या प्रौढ माद्यांकडून वाढवून घेतली जातात आणि नंतर खाडीत सोडली जातात. असे काम पाहायला मुलांना नेणे म्हणजे धंद्याला हातभार लावणे नव्हे.

तेव्हा कन्येला म्हणावे, की जाण्यापूर्वी त्या मत्स्यालयाचे संकेतस्थळ उघडून हे प्राणी कुठून आले, त्यांतले किती तिथेच जन्मले, आणि मेलेल्यांविषयी संस्था बोलते की गप्प राहते, हे ती स्वतः शोधू दे. जी संस्था हे सांगत नाही, तिला तुमचे पैसे देऊ नका.

आणि एक गोष्ट तुम्ही दोघींनी मुलांना जरूर सांगावी. हा व्हेल शार्क आपलाही आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची बेसुमार शिकार होत असे. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश झाला, भारतात हे संरक्षण मिळालेला तो पहिला मासा. नुसत्या कायद्याने भागले नाही. रामकथाकार मोरारी बापूंनी कोळी समाजाला सांगितले, की ही व्हाली, म्हणजे लाडकी, आपल्या किनाऱ्यावर बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे, तिला मारायचे कसे? त्यानंतर जाळ्यात अडकलेली व्हाली, महागडे जाळे कापून सोडून देणारे मच्छीमार गावोगावी तयार झाले. ओसाकाच्या तावदानासमोर उभे असताना आपल्या मुलांना ही हकिकत माहीत असायला हवी.

प्रश्न : माझ्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात आणि त्या पूर्ण शाकाहारी आहेत. त्यांना जपानच्या मत्स्यालयात नेता येईल का? — एक गृहिणी, मानेवाडा

उत्तर : खुशाल न्या. मोठ्या मत्स्यालयांत चाकांची खुर्ची मिळते, ती प्रवेशद्वारापाशीच मागून घ्या. तिथे ती मागण्यात कोणी संकोच करत नाही. काइयुकानची वाट उतरती असल्याने चढण्याचा त्रास नाही, मात्र उतरताना गुडघ्यांवर भार येतो, म्हणून चालता येत असले तरी खुर्ची घ्याच. आत अंधार आणि गारवा असतो. नागपूरच्या मे महिन्यातून जाणाऱ्या माणसाला शाल जवळ ठेवण्याचे सुचत नाही, तेव्हा ती पिशवीत आठवणीने ठेवा. जेवणाचे म्हणाल तर जपानी सूप, भाज्या आणि नूडल्स यांच्या रश्शात वाळवलेल्या माशाचा अर्क बहुधा असतोच, वर भाज्याच दिसल्या तरी. घरून तिखट पुऱ्या, मेतकूट, भाजणीच्या चकल्या नेणे हाच खात्रीचा उपाय आहे. मत्स्यालयाच्या आत खाता येत नाही. खाणे बाहेर, समुद्राकाठच्या मोकळ्या जागेत करावे.

प्रश्न : परदेशातील मत्स्यालयांच्या दुकानांत आणि किनाऱ्यांवर सुंदर शंख, प्रवाळाचे तुकडे, वाळवलेले समुद्रघोडे मिळतात. भेट देण्यासाठी आणले तर चालतील का? — एक व्यापारी, इतवारी

उत्तर : प्रवाळ आणि समुद्रघोडे आणू नका. प्रवाळ खडक बांधणाऱ्या सर्व जाती आणि सगळे समुद्रघोडे यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराखाली निर्बंध आहेत, आणि भारतात ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पहिल्या अनुसूचीत येतात. तिकडच्या दुकानात राजरोस विकत मिळाले आणि पावती हातात असली, म्हणून विमानतळावर सीमाशुल्क अधिकारी ते सोडून देतील असे नाही. काही शंखशिंपलेही संरक्षित आहेत. नॉटिलसचा गुंडाळीदार शिंपला दुकानांत सर्रास दिसतो, तोही त्यांतलाच. सामान्य माणसाला शिंपल्यांच्या जाती ओळखता येत नाहीत, त्यामुळे एकही न आणणे हेच बरे. वाळवलेला समुद्रघोडा घेण्यापूर्वी टाकीतला जिवंत समुद्रघोडा पाहा: शेपटीने गवताची काडी घट्ट धरून तो प्रवाहात डोलत असतो, दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवतो, आणि त्यांच्यात पोटातल्या पिशवीत पिल्ले वाढवतो तो नर. मुलांसाठी छापील चित्रांचे पुस्तक आणा.

प्रश्न : अटलांटा शहर समुद्रकिनाऱ्यावर नाही, तरी तिथे जगातले एक मोठे मत्स्यालय आहे असे वाचले. मग नागपुरात तसे का होऊ शकत नाही? मी वास्तुशास्त्राचा विद्यार्थी असून माझा प्रकल्प या विषयावर करण्याचा विचार आहे. — एक विद्यार्थी, अंबाझरी

उत्तर : तांत्रिकदृष्ट्या होऊ शकते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये समुद्राला लागूनच उभे राहिले, पण अहमदाबादच्या सायन्स सिटीत २०२१ साली जे उघडले, त्यात शार्कच्या टाकीखालून जाणारा २८ मीटरचा बोगदा आहे आणि ते शहरही काही किनाऱ्यावर नाही. अटलांटाची गोष्ट अशी, की तिथे शहराच्या नळाचे पाणी घेऊन त्यात क्षार मिसळून समुद्राचे पाणी तयार करतात. २००५ साली उघडलेल्या या मत्स्यालयाची सर्वांत मोठी टाकी सुमारे २ कोटी ४० लाख लिटरची आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ती टाकी एकदा भरायला आठशे टनांच्या आसपास क्षार लागणार, आणि त्यांत नुसते मीठ चालत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे प्रमाणही जुळवावे लागते.

पाणी तयार करण्यापेक्षा ते जिवंत ठेवणे कठीण आहे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात, आणि तो त्यांच्यासाठीच विष असतो. गाळणीतील वाळूवर वाढलेले जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक असे नायट्रेट बनवतात. हे जिवाणू रुजायला काही आठवडे लागतात, म्हणून नवी टाकी एका दिवसात माशांनी भरता येत नाही. विरघळलेली प्रथिने काढण्यासाठी उंच नळकांड्यांत पाण्यातून हवेचे बारीक बुडबुडे सोडतात. प्रथिने त्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि तो मळकट फेस बाजूला काढला जातो. त्यानंतर जंतू मारण्यासाठी ओझोन वायू. नव्याने आलेला प्रत्येक मासा आधी वेगळ्या टाकीत काही आठवडे राहतो. हे सगळे चालवणारे पंप एक रात्रही थांबून चालत नाहीत. पुष्कळ मत्स्यालये ही यंत्रणा पाहण्यासाठी वेगळे तिकीट देतात. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याने परदेशी जाण्याची संधी मिळाली तर समोरच्या दालनापेक्षा हे मागचे दालन आधी पाहावे, कारण इमारतीचा फार मोठा भाग त्यातच जातो.

नागपुरात चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात कोट्यवधी लिटर खारे पाणी पंचवीस अंशांवर राखायचे, तेही पेंच आणि कन्हानचे पिण्याचे पाणी वापरून, हे मला पटत नाही. म्हणून तुमच्या प्रकल्पासाठी अटलांटाऐवजी त्याच देशातील चॅटानूगा शहराचे उदाहरण सुचवतो. तिथले टेनेसी मत्स्यालय १९९२ साली नदीकाठी उघडले आणि त्याचा विषयच नदी हा होता. काइयुकानचे वास्तुकार पीटर शेरमायेफ यांनीच त्याची रचना केली. पाहुणे आधी वर जातात, तिथे डोंगरातले जंगल आणि त्यातले ओढे आहेत, आणि नंतर पाण्याबरोबर खाली उतरत, नदी व जलाशयांच्या टाक्या पाहत, शेवटी समुद्राशी मिळणाऱ्या त्रिभुज प्रदेशापर्यंत पोहोचतात.

हीच रचना आपल्या नदीवर बसवून पाहा. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते. वरच्या मजल्यावर पेंचच्या सातपुडा डोंगरातले स्वच्छ, दगडगोट्यांतून वाहणारे पाणी. त्याखाली भंडारा-गोंदियातील मालगुजारी तलाव, कमळे आणि पाणवनस्पती, त्यांत हवेतूनही श्वास घेणारी आणि पिल्लांची राखण करणारी मरळ. मग वैनगंगेच्या डोहातले कतला आणि रोहू. आणि तळमजल्यावर गोदावरीच्या मुखाशी असलेले कोरिंगाचे खारफुटीचे जंगल, जिथून पावसाळ्यात पुलसा मासळी नदीत चढते. खारे पाणी लागेल ते फक्त या शेवटच्या दालनापुरते. मरळ इतवारीच्या बाजारात पाटीत पडलेली सगळ्यांनी पाहिली आहे, पण तिची लालसर पिल्ले पृष्ठभागाशी घोळक्याने हवा घ्यायला येतात आणि आईबाप खालून त्यांच्यावर लक्ष ठेवून असतात, हे फार थोड्या नागपूरकरांनी पाहिले असेल. आराखड्याला सुरुवात करण्यापूर्वी एखाद्या मालगुजारी तलावावर जा आणि तिथल्या ढिवर बांधवांना भेटा. कोणता मासा किती खोलीवर, कोणत्या वनस्पतीजवळ राहतो आणि कोणत्या महिन्यात अंडी घालतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि टाक्यांची खोली व मांडणी ठरवताना तुम्हाला नेमकी हीच माहिती लागणार आहे. प्रकल्पाचा आराखडा तयार झाल्यावर तो या सदराकडे पाठवावा. तलावांच्या दालनाचा भाग आम्ही वाचकांसमोर जरूर ठेवू.